बापलेकीची चाल

माझा भाऊ घोड्यावरून चालायचा. घोडा म्हणजे जनावर नव्हे. रंगाऱ्यांची वर बिजागरीनं जोडलेली दुपाखी शिडी असते ना, लाकडी, तिला घोडा म्हणतात. बाकीचे रंगारी हात पोहोचेल तेवढी भिंत रंगवतात, खाली उतरतात, घोडा पुढं सरकवतात आणि पुन्हा वर चढतात. आमच्या ढब्बूला एवढा धीर कुठला! तो वरच्या पायऱ्यांवर दोन्हीकडं पाय टाकून उभा राहायचा, मांड्यांनी शिडी आवळायचा आणि अंगाला हेलकावे देत ठक-ठक करत अख्ख्या खोलीला चक्कर मारून यायचा. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ब्रश. 

"मेल्या, पडशील!" मी ओरडायचे.

"ताई, वर बघून बघून तूच पडशील," तो वरून म्हणायचा.

लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ढब्बू. पुढं वाळून काठी झाला तरी नाव काही सुटलं नाही. आईच्या माघारी मीच त्याचं सगळं केलं, त्यामुळं त्याला शिव्या द्यायचा हक्कही माझाच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं इस्त्रीचं दुकान आहे. माझ्या नाकावर राग असतो असं गिऱ्हाइकं म्हणतात. असतोच. दिवसभर गरम इस्त्रीपाशी उभं राहून बघा, मग बोला.

ढब्बूला एकच मुलगी, तीही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. अंगानं एवढीशी, म्हणून टिल्ली. ही टिल्ली म्हणजे बापाचं शेपूट. बाप डोक्याला फडकं गुंडाळतो, हिलाही फडकं हवं. बाप भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून एक डोळा बारीक करतो, हीसुद्धा डोळा बारीक करून उभी. तो शीळ घालायचा तर ही गाल फुगवून नुसती फू-फू करायची. भावजय वैतागायची. "पोरीच्या जातीनं जरा माझ्याकडंही बघावं की," म्हणायची. ती बेकरीत पाव बांधायच्या कामाला. पहाटे जायची ती दुपारी यायची, त्यामुळं टिल्लीला शाळेतून आणायचं काम ढब्बूचं.

त्या दिवशी तो तिला आणायला गेला, तो कामावरूनच. स्कूटरवर पायाशी रंगाचा डबा, मागं टिल्ली. हेल्मेट एकच होतं, ते त्यानं तिच्या डोक्यावर घातलं होतं, तिच्या मापाला मोठं, डुगडुगणारं. आडवं कुत्रं आलं. त्याला वाचवायला गेला आणि स्कूटर घसरली. मी पोहोचले तेव्हा रस्ताभर पांढरा रंग सांडला होता आणि त्यात दोघांची पावलं नव्हती, नुसते फरफटल्याचे पट्टे होते. दुकानात इस्त्री चालू तशीच टाकून धावले होते मी. कुणाचा तरी शर्ट जळून गेला त्यात. ज्याचा होता तो आजवर मागायला आलेला नाही, देव त्याचं भलं करो.

दोघांच्याही डोक्याला मार. टिल्ली आधी शुद्धीवर आली. तिचं डावं अंग ढिलं पडलं होतं, डावा पाय टेकला की गुडघा मुडपायचा. ढब्बू बराच उशिरा जागा झाला. त्याचं उजवं अंग गेलं होतं आणि त्याबरोबर वाचाही. म्हणजे आवाज होता, शब्द नव्हते. "हो", "नको", "जा" एवढे तीन शब्द जागच्या जागी राहिले होते. बाकी सगळ्याला एकच शब्द, "डबा". पाणी हवं असलं तरी डबा, बायकोला हाक मारायची तरी डबा. पहिल्यांदा मला हसू आलं आणि मग हसता हसता मी त्या हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

पण त्याला समजत सगळं होतं. हे डॉक्टरांनी आम्हाला नीट सांगितलं होतं. शब्द हरवलेत, समज हरवलेली नाही, म्हणाले. आम्ही माना हलवल्या.

मग सुरू झाली ती चालायची शाळा. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर लांबलचक हॉल होता, रबराचा वास मारणारा. एका भिंतीला आरसा, मधे कमरेएवढ्या उंचीचे दोन समांतर दांडे, कोपऱ्यात मोठमोठे चेंडू, आणि चार पायऱ्यांचा एक जिना, जो कुठंच जात नव्हता. वर चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं. लहान मुलं आणि मोठी माणसं सगळी तिथंच. एका चटईवर पाच वर्षांचं पोर रांगायला शिकतंय, शेजारच्या चटईवर साठीचा निवृत्त मास्तर कुशीवर वळायला शिकतोय. पहिल्या दिवशी ते बघून मी मनात म्हटलं, चालणं ही काय पुन्हा शिकायची गोष्ट आहे? पण होती.

तिथली फिजिओबाई वयानं माझ्या निम्मी, आवाजानं माझ्या दुप्पट. मला ती सुरुवातीला अजिबात आवडली नव्हती. ढब्बू पडला तर धावून उचलायची नाही. "त्यांना उठू द्या," म्हणायची, आणि मी उठवायला गेले की माझाच हात धरायची. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. पण खोटं कशाला बोलू, बाई कामाला पक्की होती.

टिल्लीनं चटकन वेग घेतला. आधी दांड्यांना धरून, मग छोटा वॉकर ढकलत. डावा पाय हळूहळू तिचं ऐकायला लागला. ढब्बूचं मात्र घोडं तिथंच अडलेलं. उभा राहायचा, डाव्या हातानं दांडा गच्च धरायचा, उजव्या पायात पट्टीही बांधलेली. ताकद थोडी परत आली होती, फिजिओबाई स्वतः म्हणाली. पण पाऊल उचलेना. पहिलं पाऊलच सुरू होईना. तो पायाकडं बघायचा, कपाळावर घाम यायचा, ओठ थरथरायचे, आणि पाय जमिनीला चिकटवल्यासारखा तिथंच. फिजिओबाईनं टाळ्या वाजवून बघितल्या, मोठ्यानं आकडे म्हणून बघितले, फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवून "ही ओलांडा" म्हणून बघितलं. काही नाही.

त्याच्या जोडीच्या रंगाऱ्यांना हे कळलं, तर एक दिवस ते दोघंतिघं मिळून त्याचा घोडाच घेऊन आले हॉस्पिटलात! दारावरचा रखवालदार म्हणे, "शिडी कशाला? इथं रंगकाम नाही." ते म्हणाले, "औषध आहे." त्यांचं म्हणणं साधं होतं. जमिनीवर जमत नाही ना, मग घोड्यावर चढवा, तिथं त्याचे पाय आपोआप चालतील. फिजिओबाईनं कपाळाला हात लावला. पण त्यांच्या तोंडाकडं बघून तिनं घोडा आत आणू दिला, आणि ढब्बूला त्याच्या खालच्या पायरीला नुसतं टेकवून उभं केलं. ढब्बूनं डावा हात त्या लाकडावरून फिरवला. वाळलेल्या रंगाचे पोपडे नखानं खरवडले. मग मान खाली घालून "डबा, डबा" करत रडायला लागला. त्या पोरांनी घोडा उचलला आणि जसे आले तसे गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गोष्ट झाली. टिल्ली वॉकर ढकलत ढकलत त्याच्या दांड्यांपाशी आली. वॉकर बाजूला सोडला, वाकून दांड्याखालून आत शिरली आणि बापाच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याचा सदरा धरला. स्वतःचा पाय त्याच्या पायाशेजारी ठेवला, अगदी चिकटून, आणि म्हणाली, "बाबा, चल." तिनं पाय उचलला. आणि त्याचाही उचलला!

मी ओरडलेच. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. एक पाऊल, मग दुसरं. टिल्लीचा पाय निघाला की ढब्बूचा निघायचा, तिचा थांबला की थांबायचा. उजवा पाय फरफटत यायचा, बुटाचं टोक फरशीला घासायचं, पण यायचा. दांड्यांच्या टोकाला पोहोचून तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदा. भावजय भिंतीला टेकून मटकन खाली बसली, आणि ती दुप्पट आवाजाची फिजिओबाई आरशाकडं तोंड करून डोळे पुसत होती.

मग रोजचंच झालं ते. बापलेक जोडीनं चालायचे. दांड्यांमधून बाहेर आले, हॉलभर फिरायला लागले, तो डाव्या हातात काठी घेऊन आणि ही त्याच्या उजव्या बाजूला. निवृत्त मास्तर त्यांना बघून म्हणायचे, "आली बघा आगगाडी." नवे पेशंट आले की त्यांचे नातेवाईक या दोघांकडं बोट दाखवायचे. घरीसुद्धा तेच. टिल्ली शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि म्हणायची, "बाबा, चल." गल्लीतून माझ्या दुकानापर्यंत यायचे. मी इस्त्री थांबवून बघत राहायचे. त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांवर ओरडलेसुद्धा नाही. विचारा हवं तर.

टिल्लीच्या बुटाकडं आधी लक्ष गेलं ते भावजयीचं. शाळेचे कॅनव्हासचे बूट ती सुट्टीच्या दिवशी धुवायची. एकदा ओल्या हातांनी ते बूट घेऊन ती माझ्या दुकानात आली.

"ताई, हे बघा."

उजव्या बुटाचं टोक पार झिजलेलं. आतला धागा दिसत होता. डावा धडधाकट.

"हलके बूट घेतलेस तू," मी म्हटलं. "दुसरे आण."

"ताई, हिचा डावा पाय लुळा होता," भावजय म्हणाली. "डावा. मग उजवा का झिजतोय?"

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. ढब्बूचा उजवा गेला होता. पोरीचा नाही.

दुसऱ्या दिवशी फिजिओबाईनं ढब्बूला बाहेर बसवलं आणि टिल्लीला एकटीला चालायला लावलं. मी आणि भावजय बाकावर. पोर चालली. डावा पाय नीट टाकत होती, टाच आधी, मग चवडा. आणि उजवा फरफटत. हुबेहूब बापासारखा. खांदाही तसाच किंचित खाली, हातही तसाच पोटाशी दुमडलेला. बाईनं तिला चटईवर झोपवून उजव्या पायाची ताकद बघितली. पूर्ण ताकद. काही म्हणजे काही झालेलं नव्हतं त्या पायाला.

"टिल्ली, हा पाय असा का ओढतेस गं?" बाईनं विचारलं.

"असंच चालतात ना," टिल्ली म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

पोरीला बागेत पाठवून बाईनं आम्हाला समोर बसवलं. म्हणाली, "मी असं आधी कधी पाहिलेलं नाही. कुठल्या पुस्तकात आहे की नाही, तेही मला माहीत नाही. पण डोळ्यांना दिसतंय ते सांगते. ती चालायला नव्यानं शिकतेय. नेमक्या याच दिवसांत ती रोज त्यांच्या पायाशी पाय जुळवतेय. हीच चाल तिच्या अंगात बसली, तर पुढं मोडणं फार अवघड जाईल. मोडेलच असं मी सांगू शकत नाही. दोघांचं एकत्र चालणं बंद करायला हवं. घरीसुद्धा. त्यांना चालताना तिनं पाहूच नये, निदान वर्षभर."

"आणि माझा भाऊ?" मी विचारलं.

"त्यांच्यासाठी दुसरं काही शोधू."

शोधलं. खरंच शोधलं, बाईला बोल लावायला जागा नाही. त्याच्या शेजारी भावजयीनं पाय ठेवून बघितला, मी ठेवून बघितला, बाईनं ठेवला. चटईवर रांगायला शिकणारं ते पोर आता उभं राहायला लागलं होतं, त्यालाही उभं केलं. आम्ही सगळ्यांनी "चल, चल" म्हणून घसा कोरडा केला. ढब्बूचा पाय हलला नाही. तो बिचारा घामाघूम व्हायचा आणि दाराकडं बघायचा, टिल्ली कुठनं येतेय म्हणून. आणि टिल्ली बाहेरच्या बाकावर बसून रडायची, मला आत का सोडत नाही म्हणून. दोन आठवडे तो चालला नाही तर त्याचा गुडघा आखडायला लागला. बाई म्हणाली, यांनाही थांबून चालणार नाही, यांचेही हेच दिवस आहेत.

म्हणजे असं होऊन बसलं. तिचा पाय शेजारी असेल तर याचा पाय उचलेल, आणि याचा पाय शेजारी असेल तर तिचा लंगडेल. देवानं इतका आडमुठेपणा करावा? अजूनही मला त्याचा राग येतो.

भावजयीनं आणि मी त्यावरून भांडण केलं, घरात, भर दुपारी. टिल्ली शाळेत होती. ढब्बू खिडकीपाशी खुर्चीवर बसला होता, पाठमोरा.

"पोरांची हाडं कोवळी असतात," मी म्हटलं. "तिचं नंतर सुधारेल. याचं नंतर काहीच नाही. उद्यापासून दोघांना पुन्हा जोडीनं चालवा."

"नाही सुधारलं तर? माझी पोर जन्मभर लंगडेल ताई. धडधाकट पाय असून लंगडेल."

"आणि तो जन्मभर खुर्चीत बसला तर चालेल तुला?"

"तुमचा भाऊ माझा नवरा आहे!" ती किंचाळली. "मला काय वाटत असेल याचा विचार केलात कधी? रोज बेकरीत हात पावाचे पुडे बांधतात आणि डोकं हेच करतं, हा की ती, हा की ती. मी आई आहे, मी काय करू सांगा ना. तुम्ही सांगा, मी तसं करते."

मी भावाच्या बाजूची, हे मी लपवत नाही, आजही नाही. पण तिच्या तोंडावर ते दुसऱ्यांदा बोलायला माझी जीभ रेटली नाही. ती ओट्याशी वळली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. शेवटी ठरलं काय, तर काहीच नाही. सोमवारी बाईंना विचारू, म्हटलं. आणि या सगळ्यात आम्ही दोघी विसरलो की खिडकीपाशी बसलेल्याला सगळं समजतंय. शब्द नाहीत म्हणून आम्ही त्याला खुर्चीटेबलात जमा करून टाकला होता. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं.

सोमवारी आम्ही सगळेच हॉलमध्ये गेलो. टिल्ली इतक्या दिवसांनी बापाला दांड्यांपाशी उभा बघून हरखली. बाई "थांब" म्हणेपर्यंत ही वाकून आत शिरलीसुद्धा. त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली, सदरा धरला, पाय पायाला लावला.

"बाबा, चल."

तिचा पाय निघाला. मी ढब्बूच्या पायाकडं बघत होते. त्याची टाच उचलली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली, उचलली होती. आणि त्यानं ती परत खाली ठेवली.

"चल ना बाबा."

त्यानं दांड्यावरचा डावा हात सोडला. आधाराचा तो एकच हात होता. त्या हातानं त्यानं टिल्लीच्या खांद्याला धक्का दिला.

"जा," तो म्हणाला.

टिल्लीला वाटलं खेळतोय. ती हसली आणि पुन्हा सदरा धरला. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि जोरात ढकललं. पोर फरशीवर बसकण मारून पडली. "जा! नको! जा!" तो ओरडत होता. त्याचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता, लाल, वेडावाकडा, शिरा ताणलेला. मग तो स्वतःही कलला आणि फिजिओबाईनं त्याला मागून धरलं. हॉलमधलं सगळं थांबलं होतं. चेंडूवर बसलेले मास्तर तसेच बसले होते.

टिल्ली उठली. ती वळली आणि आईकडं निघाली, वॉकर नाही, कुणाचा हात नाही. आणि रागानं, रडण्याच्या भरात, दोन्ही पाय आपटत गेली. दोन्ही. टाच, चवडा. टाच, चवडा. तिला मिठीत घेतलेली भावजय तिच्या डोक्यावरून ढब्बूकडं बघत होती. ढब्बू पोरीच्या पायांकडं बघत होता.

त्यानंतर तो उभा राहिला नाही. फिजिओबाईनं सांगितलं, रागावली, एकदा तर हात जोडले. टिल्ली शाळेत असताना चालू, तिला दिसणारही नाही, म्हणाली. तो "नको" म्हणायचा. तिच्याशिवाय पाय उचलणार नाही हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि पाय उचललाच असता, तर तिला पुन्हा हाक मारायचा मोह झाला असता, असं मला वाटतं. टिल्ली सुरुवातीला यायची त्याच्याजवळ, शाळेतून आली की लांब उभी राहून बघायची. तो भिंतीकडं तोंड करायचा. चित्र काढून आणलं तरी "नको". हळूहळू तिनं यायचं बंद केलं. त्याचा गुडघा आखडला, टाच वर ओढली गेली. मग बाईनंही विचारणं सोडलं. हॉस्पिटलच्या खुर्चीऐवजी घरची चाकाची खुर्ची आली.

टिल्लीचा पाय सुटला. एकदम नाही, पण सुटला. आता ती एवढी उंच झाली आहे की टिल्ली म्हटलं की चिडते. शाळेत पळायच्या शर्यतीत असते. संध्याकाळी ती सराव करते ते मैदान आमच्या खिडकीतून दिसतं, मधे फक्त एक कुंपण आहे. संध्याकाळी ढब्बू खुर्ची खिडकीशी लावायला लावतो आणि अंधार पडेपर्यंत हलत नाही. घरात मात्र दोघांचं बोलणं कामापुरतं. ती त्याला पाणी देते, औषध देते, उशी नीट करते. नर्ससारखी. उलट बोलत नाही, हट्ट करत नाही, त्याच्या खुर्चीच्या हातावर कधी बसत नाही. तिच्या वयाच्या पोरी बापाशी भांडतात. ही भांडतसुद्धा नाही.

मला ते बघवेना. परवा मी त्याला म्हटलं, "आता पुरे झालं. पोरगी मोठी झाली, पळते, आता तिला काय होणार आहे? मी तिला सगळं सांगणार."

त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात अजून घोड्यावरची ताकद आहे, मला सोडवता येईना. "नको."

"अरे, तिला वाटतं बापाला ती नकोशी होती! हे बरं आहे का? तुला तरी हे सोसतंय का?"

तो बराच वेळ तोंड हलवत राहिला. "डबा," म्हणाला, मग मान झटकली, तो शब्द नव्हे. त्यानं खिडकीकडं बोट केलं. डोळे मिटले, ओठ आवळले, कपाळावर पूर्वीसारखा घाम आला. "पळते," म्हणाला. इतक्या वर्षांत नवा शब्द. मग पुन्हा, घाबरून, हातातून निसटेल की काय अशा घाईनं, "पळते. पळते."

मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्या कडक, दुमडलेल्या गुडघ्यावर. तो माझ्या केसांवर थोपटत राहिला, लहान मी असल्यासारखा.

काल सकाळी टिल्ली दुकानात आली, शाळेचा गणवेश घ्यायला. गणवेशाच्या चुण्यांवर अजून इस्त्री फिरवायची होती, म्हणून थांबली. काउंटरवर कोपरं टेकून माझ्या हाताकडं बघत होती. मग एकदम म्हणाली, "आत्या, एक विचारू? बाबांनी मला ढकललं होतं ना, हॉलमध्ये. का गं? मी काय केलं होतं?"

माझा हात थांबला. मनगटावर ढब्बूची बोटं अजून असल्यासारखी वाटली.

"तू काही केलं नव्हतंस," मी म्हटलं. "आजारी होता तो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला काही कळत नाही. त्याला तेव्हा कुणीच नको होतं, मीसुद्धा."

तिनं मान हलवली. ऐकून घेतलं, पटलं असं नाही. मी गणवेशाची घडी घातली, तिनं ती हातावर घेतली, आणि दुकानाच्या पायरीवरून वळून म्हणाली, "मला ना, फार वाईट वाटतं त्याचं. ते कितीही हळू चालले असते तरी मी थांबले असते गं. मी कधीच पुढं गेले नसते."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "जा, उशीर होतोय."